खोगिरांचे कॅटलॉग

काही छापील कागदांचे आयुष्य ठरलेले असते. गेल्या वर्षीचे पंचांग, मागच्या हंगामाचे भावपत्रक, जुने रेल्वे वेळापत्रक यांची जागा रद्दीत असते. व्यापारी कॅटलॉगही याच कुळातला. नवा आला की जुना निरुपयोगी होतो; त्यातली चित्रे मुले कापून घेतात, उरलेली पाने चूल पेटवायला जातात. मी मात्र गेली अनेक वर्षे असे निरुपयोगी ठरलेले कॅटलॉगच गोळा करत आले आहे. तेही सर्व वस्तूंचे नव्हेत. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्यांची खोगिरे आणि पिस्तूल कमरेला अडकवण्याची चामडी म्याने, म्हणजे होल्स्टर, तयार करणाऱ्या जुन्या कारखान्यांचे.

हे ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या घराण्यात कोणी घोडेस्वार नव्हता. माथेरानला भाड्याच्या घोड्यावरून मारलेली एक फेरी एवढाच माझा अश्वानुभव. पिस्तुलाला मी कधी हात लावलेला नाही आणि लावण्याची इच्छाही नाही. वस्तूशी काही संबंध नसताना वस्तूच्या यादीत माणसाचा जीव का गुंतावा, या प्रश्नाचे उत्तर मला हळूहळूच सापडत गेले.

नोकरीच्या निमित्ताने मी टेक्सास राज्यातील एल पासो या शहरात अकरा वर्षे राहिले. शहराच्या कडेने नदी वाहते. अमेरिकेत तिला रिओ ग्रांदे म्हणतात, पलीकडच्या तीरावर मेक्सिकोत तीच रिओ ब्राव्हो होते. नदीपल्याड सिउदाद हुआरेस. दोन देश, दोन भाषा आणि मध्ये एका पुलाचे अंतर. मे १९११ मध्ये मेक्सिकन क्रांतीतील हुआरेसची लढाई झाली, तेव्हा एल पासोचे रहिवासी घरांच्या गच्च्यांवर उभे राहून ती पाहत होते. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि रात्रीच्या अंधारात नदीतून मद्याची चोरटी वाहतूक सुरू झाली. शहरालगतच्या फोर्ट ब्लिस छावणीत १९२१ मध्ये घोडदळाची पहिली डिव्हिजन उभी राहिली. घोडा, चामडे आणि शस्त्र या तिन्ही गोष्टींना इतके गिऱ्हाईक असलेले गाव विरळाच. याच गावात १९२० च्या सुमारास सॅम्युएल डेल मायर्स नावाच्या खोगीर-कारागिराने आपले बिऱ्हाड हलवले. त्याआधी तो टेक्सासमधीलच स्वीटवॉटर या गावी दुकान चालवत असे. एल पासोत ‘एस. डी. मायर्स सॅडल कंपनी’ या नावाने त्याची कीर्ती झाली आणि सीमेवरच्या लोकांनी त्याला ‘तिओ सॅम’, म्हणजे सॅमकाका, असे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धातील सेनापती जॉर्ज पॅटन यांच्या हस्तिदंती मुठीच्या पिस्तुलांचे होल्स्टर याच दुकानातले.

माझ्या संग्रहाची सुरुवात या दुकानाच्या एका जुन्या कॅटलॉगने झाली. एका रविवारच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या नालांच्या आणि फुटक्या दिव्यांच्या शेजारी, तो एका खोक्यात पडला होता. मी तो घेतला, कारण त्याच्या मुखपृष्ठावरच्या खोगिरावर कोरलेली फुले मला पैठणीच्या पदरावरच्या वेलबुट्टीची आठवण देऊन गेली. घरी आल्यावर तो वाचू लागले आणि लक्षात आले, की हे नुसते भावपत्रक नाही. हा एक संवाद आहे, आणि त्याची अर्धी बाजू कोरी सोडलेली आहे.

कॅटलॉगचा व्यापार अमेरिकेत वाढला त्याला कारणे होती. १८७२ मध्ये शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने आपली पहिली यादी काढली, ती अवघ्या एका पानाची होती. १८९६ मध्ये टपाल खात्याने खेडोपाडी, शेतावरच्या घरापर्यंत पत्रे पोहोचवण्याची व्यवस्था सुरू केली. १९१३ मध्ये पार्सल टपाल आले आणि त्याच वर्षी वस्तू हाती पडल्यावर टपालवाल्याकडे पैसे देण्याची सोयही झाली. गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या गुराख्याला आता पेंडलटनच्या हॅमली कंपनीचे, डेन्व्हरच्या हायझर यांचे, पोर्टलंडच्या जॉर्ज लॉरेन्स कंपनीचे खोगीर घरबसल्या मागवता येऊ लागले. दुकान त्याच्याकडे आले, ते कागदाचे रूप घेऊन.

परंतु खोगीर ही साखरेसारखी तोलून द्यायची वस्तू नव्हे. ते एकाच वेळी दोन शरीरांना बसावे लागते. खाली घोड्याची पाठ, वर माणसाची मांडी. खोगिराच्या पोटात लाकडी सांगाडा असतो. त्यावर न कमावलेले कच्चे कातडे ओले असताना शिवतात; ते वाळताना आक्रसते आणि लाकडाला असे आवळून धरते, की दोरखंडाने बांधलेल्या बैलाचा हिसकाही सांगाडा सहन करतो. हा सांगाडा चुकीच्या मापाचा असला, तर घोड्याच्या पाठीला जखमा होतात आणि माणसाची कंबर मोडते. म्हणून या कॅटलॉगांचा मोठा भाग विक्रीचा नसतो, तो मापे कशी घ्यावीत हे शिकवण्याचा असतो. आपली उंची किती, वजन किती, पाय किती लांब, घोडा अंगाने रुंद की निमुळता, बैठक किती इंच हवी, रिकीब लाकडी की चामडे मढवलेली, तंग कोणत्या जागी आवळायचा, चामडे साधे की कोरीव, असे प्रश्न एकामागून एक येतात. होल्स्टरच्या पानावर पिस्तूल कोणत्या कंपनीचे, नळी किती लांब, माणूस उजवा की डावरा, हे विचारलेले असते. ज्याला कधी पाहिलेले नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, अशा माणसाच्या शरीराची चौकशी कारागीर इतक्या आस्थेने करतो. आणि तो माणूसही, ज्याला कधी पाहिले नाही अशा कारागिराला, स्वतःविषयी खरे सांगतो. खोटे सांगून चालतच नाही. कमरेचे माप दोन इंचांनी कमी लिहिले, तर पट्टा बसत नाही. टपालाने आलेल्या पुस्तिकेवरून शिकणाऱ्या आणि उत्तरे लिहून दूरच्या गुरूकडे पाठवणाऱ्या वाचकांना हे नाते अपरिचित वाटू नये.

संग्रह वाढू लागला तसा एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. बहुतेक कॅटलॉगांवर वर्ष छापलेले नसते. व्यापाऱ्याला ते नकोच असते, कारण वर्ष छापले की पुढच्या वर्षी उरलेल्या प्रती शिळ्या होतात. तेव्हा काळ ठरवायचा तो आतल्या पुराव्यावरून. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल, तर कॅटलॉग १९४३ नंतरचा; कारण ती पद्धत त्या वर्षी सुरू झाली. पाच आकडी झिप क्रमांक असेल, तर १९६३ किंवा त्यापुढचा. होल्स्टरच्या यादीत .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा उल्लेख असेल, तर १९३५ पूर्वीचा असणे शक्य नाही. कारण ते रिव्हॉल्व्हर त्या वर्षी बाजारात आले. चित्रे कोरीव ठशांची आहेत की छायाचित्रांची, कागद गुळगुळीत आहे की खरबरीत, मधली किमतींची सुटी पत्रिका मूळची आहे की मागाहून घातलेली, हे सारे पाहावे लागते. हस्तलिखिताचा काळ ठरवणारा संशोधक लिपीची वळणे आणि कागद जसा तपासतो, तसेच हे काम. त्यात मला जो आनंद मिळाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. एका क्षुल्लक आकड्यावरून पन्नास वर्षांचा अंधार एकदम पाच वर्षांपर्यंत आक्रसतो.

दुसरा आनंद शब्दांचा. इंग्रजीत लिहिलेल्या या कॅटलॉगांतील घोड्याच्या साजाचे कितीतरी शब्द मुळात स्पॅनिश आहेत. तंगाचा ‘सिंच’ हा ‘सिंचा’वरून आला, फासाच्या दोराचा ‘लॅरिएट’ हा ‘ला रेआता’वरून, पायांवर बांधायच्या चामडी आवरणाचे ‘चॅप्स’ हे ‘चापारेरास’वरून. खोगिराच्या पुढच्या टोकावरचे शिंग, ज्याला गुराखी दोर गुंडाळतो, तेही मेक्सिकोच्या गुराख्यांकडून आलेले. ज्या गोष्टीला जग अस्सल अमेरिकी समजते, तिचा साज नदीपलीकडचा. हे वाचताना मला आपल्या भाषेची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही. खोगीर, जीन, लगाम, रिकीब हे शब्द आपल्याकडे फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि इतके मुरले, की त्यांना कोणी परके म्हणत नाही. जीन तयार करणाऱ्यांना जीनगर हे नाव मिळाले आणि एका कारागीर समाजाची ती ओळख बनली. खोगिराच्या गादीत मिळेल ते कोंबण्याच्या रीतीवरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आला, आणि ज्यांनी उभ्या जन्मात खोगीर पाहिलेले नाही तेही तो कचेरीतल्या नेमणुकांविषयी सहज वापरतात. घोडे गेले, जीनगरांचा मूळ धंदा गेला, शब्द तेवढे राहिले. घोड्याबरोबर येणारे शब्द कोणत्याही देशात सीमा ओलांडूनच येतात, हे मला एल पासोत राहून कळले.

मायर्सच्या कारकिर्दीतील सर्वांत प्रसिद्ध खोगीर कोणत्याही कॅटलॉगमधून मागवता येण्यासारखे नव्हते. १९१४ मध्ये ओक्लाहोमातील ‘१०१ रँच’चे मालक जो मिलर यांच्यासाठी त्याने ते स्वीटवॉटरच्या दुकानात तयार केले. सोने, चांदी, हिरे, माणके, नीलमणी यांनी मढवलेले ते खोगीर दहा हजार डॉलरचे म्हणून गाजले. आज ते ओक्लाहोमातील वूलारॉक संग्रहालयात आहे. त्याच वर्षी, जानेवारी १९१४ मध्ये, हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यात कामगाराला दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली आणि तो मोठा पगार म्हणून जगभर चर्चा झाली. म्हणजे त्या एका खोगिराची किंमत दोन हजार दिवसांच्या मजुरीएवढी. त्या मजुरांनी जोडलेल्या मोटारींनी पुढे खोगिराचा धंदाच उठवला, हा इतिहासाचा क्रूर विनोद. ते रत्नजडित खोगीर मी पाहिले आहे. त्याच्यापुढे माणूस थांबतो, आश्चर्य करतो आणि पुढे जातो. कॅटलॉगच्या पानावरचे साधे, काम करणाऱ्या माणसाचे खोगीर पाहताना मात्र मी त्या पानापाशी कितीतरी वेळ रेंगाळते. तिथे कोणीतरी बसणार होते.

ज्यांनी ते घडवले त्यांच्याविषयी मात्र कॅटलॉग गप्प असतो. पानोपानी मालकाचे नाव, मालकाचे छायाचित्र, मालकाचा शब्द. फुले कोरणाऱ्या हातांची नावे क्वचितच. ही उणीव मला दाखवून दिली ती आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका वृद्ध कारागिराने. ते हुआरेसचे; एल पासोतल्या एका चामडी कारखान्यात त्यांची हयात गेली होती. सारी गल्ली त्यांना ‘माएस्त्रो’ म्हणत असे, आपण ‘उस्ताद’ म्हणतो तसे. मी माझे कॅटलॉग घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. ते भिंग घेऊन चित्र पाहत आणि मला वाचायला शिकवत. कोरीव काम कसे होते ते त्यांनी समजावले. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे आधी ओले करायचे, ते पुन्हा मूळ रंगावर येऊ लागले की फिरत्या पात्याच्या सुरीने रेघ ओढायची, मग रेघेची एक कड ठोकून खाली बसवायची, म्हणजे पाकळी वर उठून दिसते. वेळ चुकली, चामडे जास्त ओले किंवा जास्त कोरडे असले, की फूल मेले. एकदा दोन पानांवरची फुले त्यांनी शेजारी शेजारी ठेवली.

“सेन्योरा, या दोन्हींवर नाव एकाच दुकानाचे आहे,” ते म्हणाले, “पण ही दोन माणसे आहेत. हा शेवटचा काप कुठे वळलाय पाहा. हा दुसरा माणूस डावरा होता.”

त्या दिवसापासून मी कॅटलॉग निराळ्या नजरेने पाहू लागले. अक्षरात मालकाचे नाव होते, पण चित्रात कारागिराची सही होती. ती वाचता येणारी माणसे थोडी होती, आणि त्यातले एक माझ्यासमोर बसले होते.

यापुढचे लिहिणे मला सोपे नाही. ३ ऑगस्ट २०१९ रोजी, शनिवारी सकाळी, एल पासोतील एका मोठ्या दुकानात एका बंदूकधाऱ्याने लोकांवर गोळ्या झाडल्या. तो शेकडो मैल मोटार चालवत आला होता, मेक्सिकन वंशाच्या लोकांना मारण्याच्या हेतूने. तेवीस माणसे गेली. शाळा सुरू होण्याआधीचा तो शनिवार. लोक वह्या-दप्तरे घ्यायला आले होते. त्यानंतर कित्येक आठवडे शहर खालच्या आवाजात बोलत होते. माएस्त्रो घराबाहेर पडेनासे झाले.

त्या दिवसांत मला माझे कपाट उघडवेना. माझ्या संग्रहाच्या जवळजवळ निम्म्या पानांवर होल्स्टर होते. त्यांच्यावरच्या नाजूक फुलांचे मी वर्षानुवर्षे कौतुक केले होते. मायर्सच्या दुकानाशी निगडित असलेला एक प्रसिद्ध नमुना टॉम थ्रीपर्सन्स या एल पासोतल्या कायदारक्षकाच्या नावाने ओळखला जातो. त्यात चामडे शक्य तितके कमी केलेले असते. चाप आणि घोडा उघडे राहतात, पिस्तूल किंचित तिरपे बसते. कारागिरीच्या दृष्टीने तो नमुना सुंदर आहे, कारण त्यात अनावश्यक काही नाही. पण चामडे कशासाठी कमी केले होते? हात लवकर पोहोचावा म्हणून. क्षणाचा एक अंश वाचावा म्हणून. त्या वाचलेल्या अंशात काय घडते, हे कॅटलॉग कधीच सांगत नाही. तिथे किंमत असते, माप असते, रंग असतो. ज्याच्यावर नळी रोखली जाईल तो माणूस नसतो. हे मला आधी ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि त्याची झळ लागणे यांत अंतर असते.

होल्स्टरची पाने काढून टाकावीत आणि फक्त खोगिरांची ठेवावीत, असे मनात येऊ लागले. संग्रह निर्मळ होईल, कोणाला दाखवताना संकोच वाटणार नाही. काही दिवसांनी मी हे माएस्त्रोंना बोलून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काढा. आणि मग लोकांना काय सांगाल? आम्ही जन्मभर नुसती फुलेच कोरत होतो?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण त्या प्रश्नाने माझा निर्णय झाला. जी पाने मला नकोशी झाली होती, त्यांच्यावर त्यांच्यासारख्यांच्या हातांच्या खुणा होत्या. ती पाने काढली असती, तर वस्तूचा हेतू लपला असता आणि कारागीर दुसऱ्यांदा अनाम झाला असता. सुंदर हातांनी काय काय घडवले, हे पूर्णच पाहायला हवे. ज्या गावाने फुले कोरून पिस्तुले सजवली त्याच गावाने पुढे पिस्तुलाचा घाव सोसला, या दोन गोष्टींत मी सरळ कार्यकारणभाव जोडत नाही. इतिहास इतका सरळ नसतो. पण त्या एकाच कपाटात राहिल्या पाहिजेत, एवढे मला समजले. संग्राहकाचे पहिले कर्तव्य सौंदर्याशी नसते, पूर्णतेशी असते.

त्यानंतर वर्षभराने मी विकत घेतलेल्या एका कॅटलॉगमध्ये मला मागणीपत्रक सापडले. ते भरलेले होते, पण पाठवलेले नव्हते. शिसपेन्सिलीचे अक्षर, शाळा लवकर सुटलेल्या माणसाचे वाटावे असे. उंची, वजन, बैठक पंधरा इंच. कोरीव कामाच्या रकान्यात ‘साधे’. शेवटी, सूचनांच्या जागेत, एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की माझा डावा पाय आखूड आहे, तरी डाव्या रिकिबीचा पट्टा एक इंच कमी ठेवावा. खाली किमतीची बेरीज केलेली, दोनदा. दुसऱ्या बेरजेखाली रेघ ओढून कागद तसाच घडी घालून ठेवलेला.

तो का पाठवला गेला नाही, हे कळण्याचा मार्ग नाही. पैसे पुरले नसतील. घोडा विकला असेल. शेजाऱ्याने मोटार घेतली असेल. पण ज्याने कदाचित आपल्या माणसांनाही कधी बोलून दाखवले नसेल, ते त्या माणसाने शेकडो मैल दूरच्या अनोळखी कारागिराला लिहिले होते, कारण त्याला विचारले गेले होते. वस्तूशी संबंध नसताना वस्तूच्या यादीत जीव का गुंतावा, याचे माझ्यापुरते उत्तर त्या एका ओळीत आहे. तयार झालेली खोगिरे संग्रहालयात मिळतात. हवेसे वाटलेले पण कधी न झालेले खोगीर कॅटलॉगमध्येच भेटते.

आता मी भारतात परतले आहे. माझा संग्रह मी बरोबर आणलेला नाही. तो तिथल्याच एका ग्रंथालयाला दिला, कारण त्या कागदांची माणसे तिथली आहेत. देताना दोनच अटी घातल्या. होल्स्टरची आणि खोगिरांची पाने वेगळी करू नयेत. आणि ते मागणीपत्रक ज्या पानात मिळाले त्याच पानात राहू द्यावे. सोबतच्या यादीत, माएस्त्रोंनी ओळखलेल्या प्रत्येक चित्रापुढे, त्यांच्या सांगण्यावरून मी एक टीप लिहिली आहे. नावे आम्हांला ठाऊक नव्हती. म्हणून जेवढे ठाऊक होते तेवढेच लिहिले: ‘हा कारागीर डावरा होता.’